कोटेशनच्या खालच्या ओळी

ठाणे-डोंबिवली पट्ट्यात मोटार विम्याचं काम करणाऱ्या माणसाच्या हाती गाडीचं कोटेशन दोनदा येतं. एकदा गाडी घेण्याआधी, "विमा बाहेरून काढला तर किती वाचतील?" हे विचारण्यासाठी, आणि दुसऱ्यांदा वर्षभराने, नूतनीकरणाच्या वेळी, फायलीत पॉलिसीच्या मागे टाचलेलं. वर्षानुवर्षं हे कागद वाचत राहिलं की एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. एकाच शोरूमची, एकाच महिन्यातली, एकाच मॉडेलची दोन कोटेशनं शेजारी ठेवली तर वरच्या ओळी हुबेहूब जुळतात आणि खालच्या जुळत नाहीत. ज्या कागदावर बेरीज फुगलेली, त्यावरचं गिऱ्हाईक बहुधा साठी ओलांडलेलं असतं. मी विमा विकते, शोरूमही विमा विकतं, म्हणजे आमची स्पर्धा आहे. वाचकाने माझं म्हणणं तेवढं वजा करूनच वाचावं. म्हणूनच इथे कुठल्या शोरूमचं नाव नाही आणि कुणा काका-काकूंची करुण कहाणीही नाही. कहाण्यांनी कोणतीही बाजू खरी ठरवता येते. कागद काय सांगतात आणि त्यामागचा व्यवहार कसा चालतो, एवढ्यावरच मला बोलायचं आहे.

कोटेशनच्या माथ्यावर एक्स-शोरूम किंमत असते. ती कंपनी ठरवते, जाहिरातीत छापते. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला तेव्हा कोणती गाडी कितीने उतरली हे सकाळच्या फेरीला जाणाऱ्या मंडळींनाही तोंडपाठ होतं. त्याखाली राज्याचा एकरकमी वाहन कर. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात तो ११ टक्के, म्हणजे आठ लाखांच्या गाडीला ८८ हजार. नोंदणीचे ६०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २००, कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे १,५००. गाडी ठाण्याच्या एमएच ०४ वर चढवा की कल्याणच्या एमएच ०५ वर, यात एका रुपयाचा फरक पडत नाही. उच्च सुरक्षा नंबरप्लेट १ एप्रिल २०१९ पासून गाडीबरोबरच कंपनीकडून येते आणि तिची किंमत गाडीच्या किमतीतच धरलेली असते. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही सरकारच ठरवतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तो तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला १०,६४० रुपये, जीएसटी वेगळा. इथवर लबाडीला वाव नाही. वाव तयार केला जातो तो ओळी एकमेकींत मिसळून. कर, नोंदणी, कार्ड, नंबरप्लेट, फास्टॅग आणि 'इतर' या सगळ्यांची मिळून 'आरटीओ' नावाची एकच ओळ केली की तिच्यात दोन-पाच हजार सहज मुरतात. सरकारी आकडा म्हटल्यावर विचारतं कोण? आणि निम्मं आयुष्य सरकारी कचेरीत काढलेला माणूस तर सरकारी आकड्याला हात जोडूनच असतो.

खरी उलाढाल त्याखाली सुरू होते, आणि माझ्या धंद्याचा भाग असल्याने विम्याबद्दल जरा सविस्तर सांगते. थर्ड पार्टी सोडून उरतो तो आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा. त्याचा दर बांधलेला नाही. तीच विमा कंपनी, तीच गाडी, तेच संरक्षण, पण दार बदललं की हप्ता बदलतो, कारण मधल्या माणसाचा वाटा आणि सवलत दारागणिक वेगळी असते. त्यावर जोडसंरक्षणांची रास. झीरो डेप्रिसिएशन नव्या गाडीला घ्यावंच. इंजिनाचं संरक्षणही आमच्याकडे मी घ्यायलाच सांगते. जुलैमध्ये डोंबिवलीच्या सखल भागात किंवा खाडीकडच्या सोसायट्यांत ज्यांनी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये पाणी पाहिलं आहे त्यांना याचं कारण विचारावं लागत नाही. पण किल्ली हरवल्याचं, गाडीतल्या सामानाचं, टायरचं, हॉटेलमुक्कामाचं संरक्षण आठवड्यातून दोनदा भाजी आणि एकदा डॉक्टर अशा फेऱ्या करणाऱ्या गाडीला कशासाठी? तरुण गिऱ्हाइकाच्या पॉलिसीत यातली दोन-तीन असतात, निवृत्तांच्या पॉलिसीत बऱ्याचदा सगळी. "सगळं कव्हर करून टाकलंय काका, आता कसली चिंता नको" हे वाक्य ऐकायला गोड लागतं आणि त्याची किंमत हप्त्यात मोजलेली असते.

याहून वाईट म्हणजे जे हक्काचं असतं तेही जातं. विम्यात नो क्लेम बोनस असतो. सलग दाव्याविना वर्षं गेली की नुकसान विम्याच्या हप्त्यावर २० टक्क्यांपासून चढत जाऊन ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. ही सूट गाडीची नाही, मालकाची आहे. जुनी गाडी विकली, कंपनीकडून बोनसचं पत्र घेतलं, तर ती नव्या गाडीला लावता येते आणि पत्र तीन वर्षं चालतं. आता विचार करा, ही सूट पूर्ण ५० टक्के कोणाकडे साठलेली असते? जो बारा वर्षं जुनी सँट्रो किंवा आल्टो जपून चालवतो, ओरखडा आला तर दावा न करता पदरचे पैसे घालतो, त्याच्याकडे. आणि शोरूममध्ये एक्स्चेंजचं टेबल एक, विम्याचं टेबल दुसरं. जुनी गाडी एका टेबलावर जमा होते, नवी पॉलिसी दुसऱ्या टेबलावर शून्य बोनसने निघते, आणि ते पत्र कोणी मागत नाही, कोणी देतही नाही. मालक-चालकाच्या सक्तीच्या अपघात विम्याचंही तसंच. ज्याच्याकडे १५ लाखांचं अपघात संरक्षण आधीच आहे, किंवा ज्याच्याकडे गाडी चालवण्याचा चालू परवानाच नाही, त्याला तो गाडीबरोबर घ्यावा लागत नाही. २०१९ पासून तो वेगळा केलेला आहे. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर परवान्याचं नूतनीकरण सोडून दिलेला आणि ड्रायव्हर ठेवणारा गृहस्थ नेमका या सवलतीत बसतो, आणि तरीही त्याच्या पॉलिसीत ती ओळ हमखास सापडते.

२०१७ च्या नियमावलीने शोरूमना विमा विकण्याची रीतसर वाट करून दिली आणि त्याच नियमावलीने गिऱ्हाइकावर सक्ती करायला मनाई केली. सक्ती कोणी करतही नाही. "बाहेरून पॉलिसी घेतलीत तर कॅशलेसचं आम्ही सांगू शकत नाही" एवढं पुरतं. कॅशलेस सोय विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर चालते, पॉलिसी कोणी विकली यावर नाही. पण ज्याला पुढची दहा वर्षं त्याच वर्कशॉपकडे जायचं आहे त्याला तिथल्या माणसाशी पहिल्याच दिवशी वाकडं घ्यायचं नसतं. एक्स्चेंजच्या टेबलावरची भीती वेगळी. "पंधरा वर्षं होत आली, आता भंगारातच जाणार" असं सांगून जुन्या गाडीचा भाव पाडायचा, आणि मग त्याच गाडीवर 'एक्स्चेंज बोनस' देऊन सूट दिल्यासारखं दाखवायचं. वयावरून गाडी बाद करण्याचा तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागापुरता निघाला. महाराष्ट्रात खासगी मोटार पंधरा वर्षांनी तपासणी करून, ५,००० रुपये शुल्क भरून पुढे पाच वर्षं नोंदवता येते. बाकी हँडलिंग चार्जेस, टेफ्लॉन, अंडरबॉडी कोटिंग, 'बेसिक किट' वगैरे गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. हँडलिंग नावाचा कुठलाही आकार कायद्यात नाही, एवढंच नोंदवून पुढे जाते. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस कापतात, तो मात्र खरा कर आहे आणि आयकरात वळता होतो. ज्यांचं उत्पन्न पेन्शन आणि व्याज एवढंच, म्हणून जे विवरणपत्रच भरत नाहीत, त्यांचे हे दहा-बारा हजार सरकारजमा राहतात. त्याचा शोरूमला फायदा नाही, पण सांगायला तोटाही नव्हता.

हे सगळं म्हाताऱ्या माणसांच्याच वाट्याला जास्त का येतं? याचं जे उत्तर पटकन दिलं जातं ते मला पटत नाही: वयानुसार बुद्धी मंदावते, आकडे कळत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांत बँकेतून, रेल्वेच्या हिशेब खात्यातून, अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून, मंत्रालयातून निवृत्त झालेली माणसं भरपूर असतात. हिशेबात ती माझ्या बापाला ऐकणार नाहीत. याच पिढीने १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघांत बसून तांदूळ-डाळीचा दर्जा आणि किलोमागचे पैसे तपासले आहेत. मग तीच माणसं दहा लाखांच्या कागदावर डोळे मिटून सही का करतात? माझं उत्तर असं की गाडीची खरेदी या पिढीने घासाघीस म्हणून कधी शिकलीच नाही. १९६९ मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या किमतीवर नियंत्रण आणलं होतं. फियाट, ॲम्बॅसेडर आणि स्टँडर्ड यांच्या 'वाजवी' किमतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७१ मध्ये निकाली निघाला. स्कूटरला वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी, ती चुकवायची तर वर ऑन. १९८३ मध्ये मारुतीची नोंदणी सुरू झाली तेव्हा दहा हजार रुपये अनामत भरून सोडतीत नंबर लागण्याची वाट पाहायची होती. आज सत्तरीत असलेला माणूस तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होता. कल्याण-डोंबिवलीच्या प्रीमियर कारखान्यात नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ तयार होऊ लागली तेव्हाही लोक आधी पैसे भरून मग वाट पाहत होते. गाडी मिळणं हीच मेहेरबानी, असं ज्याच्या अंगात मुरलंय तो किंमत विचारतो, ओळी विचारत नाही.

त्याला जोड मिळते ती आमच्या शहरांच्या आजच्या स्थितीची. नौपाड्यात, डोंबिवली पूर्वेला, कल्याणच्या जुन्या भागात तीन-चार मजली इमारती पाडून टॉवर होत आहेत. जुन्या इमारतीत गाडी ठेवायला जागा नव्हती म्हणून आयुष्यभर गाडी न घेतलेली माणसं नव्या टॉवरमध्ये पार्किंग मिळाल्यावर पासष्टाव्या वर्षी पहिली गाडी घेतात. गुडघे लोकलचा जिना चढू देत नाहीत, रिक्षाच्या रांगेत उभं राहवत नाही, म्हणून ऑटोमॅटिक घेतात. पैसे पुनर्विकासाच्या कॉर्पसचे किंवा ग्रॅच्युइटीचे, म्हणजे एकरकमी. असं गिऱ्हाईक स्वतःला शोरूमचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक समजतं: कर्ज नाही, भानगड नाही, पूर्ण रकमेचा चेक. शोरूमच्या हिशेबात चित्र उलटं आहे. कर्ज काढणारं गिऱ्हाईक आलं की बँकेकडून शोरूमला मोबदला मिळतो. चेक देणारा तो मोबदला बुडवतो. मग त्या गाडीमागे जेवढं मिळायला हवं होतं ते उरलेल्या ओळींतून काढायचं, म्हणजे विमा, किट, कोटिंग आणि वाढीव वॉरंटी. ज्या गुणासाठी माणूस स्वतःची पाठ थोपटतो तोच त्याच्या खालच्या ओळी जाड करतो, हे समजायला मला स्वतःला या धंद्यात बरीच वर्षं लागली. पाडव्याला किंवा दसऱ्यालाच गाडी दारात हवी, हा आग्रह त्यात भर घालतो. मुहूर्त अडला की घासाघीस संपते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. कॅनडातल्या नव्या गाड्यांच्या प्रत्यक्ष व्यवहारांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीच गाडी, तोच काळ, सगळे फरक लक्षात घेऊनही वयस्कर गिऱ्हाइकं घासाघिशीत जास्त पैसे मोजतात असं त्यात दिसलं. त्याआधी १९९५ मध्ये एयर्स आणि सीगलमन या अभ्यासकांनी शिकागोच्या शोरूममध्ये शिकवून पाठवलेली गिऱ्हाइकं एकाच पद्धतीने बोलायला लावली होती, आणि तरीही कृष्णवर्णीयांना व स्त्रियांना पहिलाच भाव चढा सांगितला गेला. गिऱ्हाइकाने काय केलं याआधी तो कोण दिसतो हे पाहून भाव ठरतो, हे त्यातून उघड झालं. आपल्याकडे एक्स-शोरूम किंमत छापलेली असल्याने हा भेद वरच्या ओळीत करता येत नाही, म्हणून तो खाली सरकतो. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे: दोष म्हाताऱ्यांच्या समजुतीत नाही, ज्या ओळींचे भाव माणूस पाहून लावता येतात अशा कागदात आहे.

यावर शोरूमवाल्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, आणि ते खोटं नाही. गाडीवरचं मार्जिन तोकडं आहे, ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर काचेचं शोरूम चालवायचं भाडं, व्याज, पगार त्यात निघत नाहीत. मी पुढे जाऊन म्हणेन की कंपन्यांनी त्यांचे हात आणखी बांधले. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केलं. आयोगाच्या निष्कर्षाप्रमाणे ठरवून दिल्यापेक्षा जास्त सूट देणाऱ्या डीलरला कंपनी दंड करत होती आणि सूट कोण देतो हे शोधायला गिऱ्हाईक बनून माणसं पाठवली जात होती. या प्रकरणाला सुरुवात झाली ती महाराष्ट्राच्या विभागातला डीलर म्हणून कोणीतरी पाठवलेल्या निनावी ई-मेलने. आता यातली गंमत पाहा. शोरूमने सूट जास्त दिली का, हे तपासायला खोटी गिऱ्हाइकं पाठवण्याइतकी यंत्रणा उभी राहू शकते. वरखर्च जास्त लावला का, हे तपासायला सत्तरीचं खोटं गिऱ्हाईक पाठवल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. मार्जिन तोकडं असेल तर भांडण कंपनीशी आहे. ते भांडण निवृत्त माणसाच्या कॉर्पसमधून मिटवणं हा सोपा मार्ग आहे, एवढंच त्याचं समर्थन.

दुसरं उत्तर जास्त टोकदार आहे. कोणी पिस्तूल लावलं नव्हतं. कागद समोर होता, सही स्वतः केली, बाजारात भाव करणं ही दोघांची जबाबदारी. शिवाय ज्येष्ठांना वेळ जास्त द्यावा लागतो, घरी जाऊन गाडी दाखवावी लागते, तीनदा ट्रायल द्यावी लागते, डिलिव्हरीनंतर ब्लूटूथ जोडायला माणूस पाठवावा लागतो. यातली दुसरी बाजू मी मानते: सेवा दिली तर तिचे पैसे घ्यावेत. फक्त ते सेवेच्या नावाने घ्यावेत, टायरच्या विम्याच्या नावाने नव्हे. सहीबद्दल मात्र कायद्याची भूमिका आता बदलली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन व्यवहारांतल्या फसव्या रचनांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि तेरा प्रकार नावानिशी सांगितले. गिऱ्हाइकाने न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं, शेवटच्या टप्प्यावर एकेक आकार उघड करत किंमत वाढवणं, "आत्ताच घ्या, नाहीतर संपेल" अशी खोटी घाई लावणं, हे सगळे त्यात आहेत. तिथेही गिऱ्हाईक स्वतःच्याच बोटाने 'मान्य' दाबत असतं, आणि तरी सरकारने ती संमती पुरेशी मानली नाही. तिकिटाच्या ॲपवर आपोआप टिक झालेला प्रवास विमा जर अनुचित असेल, तर शोरूमच्या टेबलावर आपोआप छापून आलेलं कोटिंग उचित कसं?

तिसरं म्हणणं घरातूनच येतं: "बाबांनी आम्हाला विचारायला हवं होतं." मुलगा हिंजवडीत, मुलगी बंगळुरूला किंवा न्यू जर्सीत, आणि कोटेशनचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून वडिलांना "फसलात" असं कळवणारे नातेवाईक पुष्कळ. त्यांचा हेतू बरा असतो, परिणाम नाही. त्या उत्तरानंतर पुढच्या खरेदीचा कागद त्यांना दाखवला जात नाही. शिवाय स्वतःच्या पैशाने स्वतःची गाडी घेण्यासाठी पासष्टाव्या वर्षी पालक सोबत आणावा लागावा, ही अपेक्षाच मला अपमानाची वाटते. मुलं बरोबर आली की कोटेशन उतरतं हे खरं आहे, माझ्या डोळ्यांसमोरच्या कागदांतही ते दिसतं. पण त्यातून सिद्ध काय होतं? उतरवता येण्याजोगी रक्कम आधी लावलेली होती, हे.

मग तक्रार करावी. कायदा बरा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगच ऐकतो. मुदत दोन वर्षांची. १९१५ या हेल्पलाइनवर फोन केला तर काही वेळा शोरूम हँडलिंगचे पैसे निमूट परत करतं, कारण त्या ओळीच्या बाजूने बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही नसतं. पण पंधरा हजारांसाठी तारखांना ठाण्याला खेपा घालणं सत्तरीच्या माणसाला परवडत नाही, आणि तीन महिन्यांत निकाल लावण्याची कायद्यातली अपेक्षा अपेक्षाच राहते. रक्कम माणशी लहान आणि माणसं पुष्कळ, असा हा प्रकार असल्याने एकेकट्या तक्रारींनी तो आवरणार नाही. शोरूमला गाडी विकण्यासाठी आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट लागतं आणि नियम मोडले तर ते निलंबित करण्याचा अधिकारही मोटार वाहन नियमांत आहे. त्याच अधिकाराच्या आधाराने एवढीच अट घालता येईल: प्रत्येक कोटेशनला दोन रकाने. एकात कायद्याने लागणारं, ओळीनिहाय, शासकीय दरासह. दुसऱ्यात ऐच्छिक, आणि तो कोरा छापलेला, गिऱ्हाईक सांगेल तसा भरायचा. जुनी गाडी घेताना नो क्लेम बोनसच्या पत्राची एक ओळ त्यातच. ज्येष्ठांसाठी वेगळा काउंटर, वेगळी सवलत, वेगळा फलक नको. वेगळं काढलं की पुन्हा त्यांना ओळखणं सोपं होतं.

याला शेवटचा आक्षेप माझ्या ओळखीतल्या सेल्सवाल्यांचाच असतो. सगळ्यांना सारखा कागद दिला तर जो तरुण आज चार शोरूम फिरून, मोबाइलवर दर दाखवून पंचवीस हजार तोडून घेतो, त्याला ते मिळणार नाहीत. बरोबर आहे, थोडे कमी मिळतील. ती सूट हवेतून येत नव्हती, दुसऱ्या कोणाच्या कोटेशनमधून येत होती. आणि असा कागद काढणं अवघड आहे, सॉफ्टवेअर बदलावं लागेल, असं जे सांगतात त्यांच्यासाठी एकच गोष्ट. कंपनीच्या नावावर गाडी घेतली जाते तेव्हा त्याच शोरूममधून ओळीनिहाय पत्रक निघतं, कारण समोरचा हिशेबनीस प्रत्येक आकाराचं वेगळं बिल असल्याशिवाय चेक सोडत नाही. ते निघायला त्याच प्रिंटरवर दहा मिनिटं पुरतात.